आतल्या बाजूचा नट

नाव : श्रीमती रत्नाबाई नेमगोंडा बोरगावे
वय : २९ वर्षे
धंदा : घरकाम व शेती
राहणार : गडमुडशिंगी, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर
दिनांक : ११ मार्च १९५५

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते, की आमच्या तीन चाकी मोटारसायकलची चोरीस गेली म्हणून नोंदवलेली बॅटरी आज सकाळी शाहूपुरीत सयाजी विठू मोरबाळे यांच्या चार्जिंगच्या दुकानात मिळाली. ती हवालदार पिराजी घाटगे यांनी ताब्यात घेतली व आता ठाण्यात मला दाखवली. ती आमचीच आहे. तिच्या अंगावर खडूने ‘बोरगावे, मुडशिंगी’ असे लिहिलेले आहे. ते अक्षर सयाजी मोरबाळे यांचे आहे. बॅटरी चोरलेली नाही. ती मी माझ्या हाताने काढून दिली.

सयाजी मोरबाळे यांनी सकाळी पंचांसमोर ‘मीच न विचारता नेली’ असे कबूल केल्याचे मला समजले. ते खरे नाही. ते तसे का म्हणाले असे विचारल्यावरून सांगते, की त्या वेळी दुकानासमोर माझे थोरले दीर बापूसो उभे होते आणि गर्दी जमली होती. त्यांनी मोठ्याने ‘तुला कुनी दिली ते सांग’ असे विचारले. त्यावर सयाजी मोरबाळे यांनी वरीलप्रमाणे उत्तर दिले. यापुढचे त्यांच्या मनातले मी सांगू शकत नाही.

माझे यजमान नेमगोंडा हे तीन वर्षांपूर्वी विषमज्वराने वारले. मला मूल नाही. घरात सासू अक्काताई, दीर बापूसो, जाऊ बाळाबाई व त्यांची मुले आहेत. सासूला मी आत्ती म्हणते. आमचे घर जैन आहे. घरात दिवस मावळल्यावर कोणी जेवत नाही.

गाडीबद्दल विचारल्यावरून सांगते, की लढाई संपल्यावर पुण्याच्या लष्करी डिस्पोजलच्या लिलावातून यजमानांनी ती घेतली. मोटारसायकलला बाजूने साइडकार जोडलेली आहे. गावात तिला तीन चाकी फटफटी म्हणतात. यजमान तिच्यातून ऑइल इंजिनचे सुटे भाग गावोगाव पोचवत. संध्याकाळी परत येताना बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, वळणावर ते हॉर्न देत. हॉर्न ऐकला की आत्ती ताट वाढायला घेत, म्हणजे दिवस मावळायच्या आत त्यांचे जेवण होई. त्यांनी हॉर्न मोठा बसवला होता. त्याला मूळची लहान बॅटरी पुरेना, म्हणून त्यांनी मोटारीला असते तसली मोठी बॅटरी घेतली व ती साइडकारच्या सीटखाली लाकडी पेटी करून बसवली.

त्या पेटीची रचना मुद्द्याची आहे म्हणून सांगते. सीटची गादी उचलली की फळी लागते. फळीला दोन नट आहेत. एकच सोडला तर फळी त्या बाजूने थोडी उचलते, पण बॅटरी बाहेर निघत नाही. बाहेरचा पान्ह्याने सुटतो. आतल्या बाजूचा नट पेटी आणि साइडकारचा पत्रा यांच्यामधल्या फटीत आहे. तिथे पान्हा जात नाही. हात खाली सोडून बोटांनी फिरवावा लागतो. फट फार अरुंद झाली हे यजमानांच्या ध्यानात पेटी पक्की ठोकून झाल्यावर आले. त्यांचा स्वतःचा हात आत जात नव्हता. माझा गेला. पेटी परत उकलायला नको म्हणून ते हसून म्हणाले, “असू दे तशीच. चोर आला तर त्याला तुझा हात मागायला लागंल.” तेव्हापासून तो नट मीच सोडते व मीच आवळते. आमच्या घरात दुसऱ्या कोणाचा हात तिथे जात नाही. जाऊबाईंचा मनगटापर्यंत जातो, पण नटाला बोटे पोचत नाहीत.

यजमान असताना बॅटरी चार्जिंगला सयाजी मोरबाळे यांच्याकडेच जात असे. यजमान वारल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. तिचे इंजिन चालू करत नाहीत. मात्र यजमानांचे दिवस झाल्यावर आत्तींनी संध्याकाळचे जेवण सोडले. ताट समोर घेऊन बसत आणि तसेच सारत. एके दिवशी लहान पुतण्याने खेळता खेळता शेडमध्ये हॉर्न दाबला. त्या संध्याकाळी आत्ती जेवल्या. तेव्हापासून रोज दिवस मावळायच्या आधी मी शेडमध्ये जाऊन एकदा हॉर्न देते. आत्तींना तो कोण वाजवते हे माहीत आहे. त्या वेड्या नाहीत. त्याबद्दल आम्ही एकमेकींशी बोलत नाही.

उभ्या गाडीला मिस्त्री कशाला लागतो असे विचारल्यावरून सांगते. बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते. इंजिन चालत नसल्यामुळे ती आपोआप भरत नाही. तिच्या तीन घरांतले पाणी आटते, ते बघून बाटलीतले डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. शिशाच्या पट्ट्या बुडतील इतपतच घालायचे, काठोकाठ नाही. तारांच्या टोकांवर पांढरा बुरा धरतो. तो सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून व्हॅसलीन लावायचे. सोडताना मायनसची तार आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. हे सर्व मला सयाजी मोरबाळे यांच्याकडून बघून समजले. ते महिन्यातून एकदा सायकलवरून येत. येताना काचेची नळी आणत. तिच्यात बॅटरीतले तेजाब, म्हणजे अॅसिड, ओढून घेतले की आतला काटा तरंगतो, त्यावरून बॅटरी किती उतरली ते कळते. उतरली असली तर ते दुकानात नेत व चार्ज करून आणून बसवत. नसली तर इथेच साफ करून जात.

ते आले की किती वेळ थांबत, असे विचारल्यावरून सांगते, की काम होईपर्यंत. काम किती वेळाचे आहे असे विचारल्यावरून सांगते, की ते एकट्याचे काम नाही. त्यांनी फळी उचलून धरायची आणि मी आतला नट काढायचा. शेडचे दार त्या वेळी सताड उघडे असे. आत्ती समोर सोप्यावर शेंगा फोडत बसलेल्या असत. आमचे हात एकत्र फटीत कधी गेले नाहीत. फट एका हाताचीच आहे.

बोलणे काय होई असे विचारल्यावरून सांगते, की बॅटरीचे. ते मला वहिनी म्हणतात. “वहिनी, नट हातातच धरा, खाली पडला तर उद्यापत्तुर धुंडत बसू,” असे ते दर वेळी म्हणत. मी “न्हाय पडायचा” म्हणे. “मागल्या बारीला पडला की,” असे ते म्हणत. मागल्या वेळी पडलेला नसे. पहिल्या वर्षी एकदाच पडला होता. आत्ती सोप्यावरून ओरडून विचारत, “काय पडलं गं?” आणि मी सांगे, “काय न्हाय आत्ती, मिस्त्री उगंच बोलत्यात.” याखेरीज पाऊसपाणी, त्यांच्या आईचा दमा आणि आमच्या म्हशी यांविषयी बोलणे होई.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या आईचे जास्त झाले व ते आले नाहीत. तेव्हा फळी मी एकटीने हाताने व डोक्याने धरून उघडली, पाणी बघून घातले, बुरा पुसला आणि व्हॅसलीन लावले. पुढच्या महिन्यात ते आले. उघडून बघून त्यांनी कोणी केले असे विचारले. मी म्हटले, मी केले. ते म्हणाले, “मग आता माझी गरज न्हाय की.” मी म्हटले, “आतल्या अंगाचं टोक मला नीट पुसाय आलं न्हाई.” त्यांनी ते परत पुसले. ते टोक मी नीट पुसले होते. ते त्यांनाही दिसले असेल. ही गोष्ट या गुन्ह्याशी संबंधित आहे की नाही हे मला कळत नाही. सर्व सांगा असे सांगितले म्हणून सांगितली.

आता बॅटरी का काढली ते सांगते. डिस्टिल्ड पाण्याची बाटली सयाजी मोरबाळे आमच्याकडे ठेवून जात. ती शेडमध्ये भिंतीवरच्या फळीवर असे. या महिन्यात मी ती धुळीला नको म्हणून स्वयंपाकघरात आणून ठेवली. आमच्या घरात विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय भांड्यात घेत नाहीत आणि गाळलेले पाणीही फार वेळ झाला की परत गाळतात. आत्तींनी बाटली बघून विचारले, हे पाणी कधीचे? मी म्हटले, मागल्या महिन्याचे. त्या म्हणाल्या, “अगं म्हैनाभर बाटलीत पडल्यालं पानी! त्यात किती जीव झालं असतील! आनि ते तेजाबात वतून मारतीस व्हय? माझ्या लेकाच्या गाडीत?”

मी समजावले. त्यांना ते पटले नाही. सोमवारी मी शेतात असताना त्यांनी बाटली परसात ओतून टाकली. विहिरीचे ताजे पाणी काढून गाळले, उकळले, निववले व परत गाळले. बाळाबाईंच्या मुलाकडून बाहेरचा नट काढून घेतला आणि फळी एका बाजूने उचलून, बुचे काढून, तिन्ही घरांत काठोकाठ ते पाणी ओतले. आत्तींच्या समजुतीने त्यांनी अगदी सोवळ्याने केले होते. आमच्या विहिरीचे पाणी खारे आहे. त्यात डाळ शिजत नाही. त्या संध्याकाळी मी हॉर्न दाबला, तो नुसता घोगरा झाला. मंगळवारी वाजलाच नाही. आत्ती शेडच्या दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या हातनं गेला गं.” सोमवारपासून त्या संध्याकाळच्या जेवल्या नाहीत.

बुधवारी सकाळी शहरात जाणाऱ्या दूधवाल्याकडून मी सयाजी मोरबाळे यांना निरोप पाठवला. त्यांची महिन्याची पाळी अजून आलेली नव्हती. तरी ते दुपारच्या आत आले. काट्याची नळी घालून बघितली. आत्ती म्हणाल्या, “मिस्त्री, मी चांगलंच पानी घाटलंतं बाबा. दोनदा गाळून.” त्यावर ते म्हणाले, “आजी, तुमचं पानी चांगलंच हाय. बॅटरीच नाठाळ हाय. तिला बेचव पानी लागतंय.” आत्ती त्यावर थोड्या हसल्या. मला त्यांनी बाजूला सांगितले, की सगळे ओतून, आतून धुऊन, नवे तेजाब भरून सावकाश चार्ज करावी लागेल. तरी धरेल की नाही सांगता येत नाही.

मग मी आतला नट सोडला. त्यांनी बॅटरी उचलली. मोकळ्या तारांच्या टोकांना धूळ लागू नये म्हणून मी त्यांना चिंधी गुंडाळली. मुद्देमालात दाखवलेली चिंधी तीच आहे व ती माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची आहे. फळी बसवून आतला नट मी परत आवळला. त्यांनी बॅटरी सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधली. जाताना ते म्हणाले, “शनवारी आनतो. आजीला म्हनावं, जेवा.” दीर बापूसो त्या वेळी राधानगरीला ऊस बघायला गेले होते. त्यांना सांगायचे राहून गेले असे नाही. मी सांगणार नव्हते. त्यांना मिस्त्री आलेला आवडत नाही.

काल दीर परत आले, ते पन्हाळ्याचे दत्तोपंत नावाच्या गृहस्थांना बरोबर घेऊन. दत्तोपंत पाहुण्यांना गडावर नेण्या-आणण्यासाठी गाडी विकत घेणार होते. गाडी विकायची ठरली आहे हे मला तेव्हाच कळले. शेड मोकळी करून तिथे कडबा ठेवायचा असे दिरांचे म्हणणे आहे आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. गाडी तीन वर्षे उभी आहे. दत्तोपंतांनी हॉर्न दाबला, तो वाजला नाही. दिरांनी गादी उचलली, तर चिंधी बांधलेल्या तारा बाहेर दिसल्या. ते ओरडले, “बॅटरी कुठाय?” मी पाणी घेऊन येत होते. दत्तोपंत परके गृहस्थ होते. त्यांच्यासमोर मी काही बोलले नाही. दिरांनी परस्पर ठाण्यात जाऊन सयाजी मोरबाळे यांचे नाव संशयित म्हणून दिले.

आज दुपारी हवालदार घाटगे पंचनाम्यासाठी घरी आले. दिरांनी सांगितले, “कबूल झालाय गडी. आता काय ऱ्हायलं?” मी हवालदारांना म्हटले, की साहेब, ती फळी उघडून दाखवा. त्यांनी बाहेरचा नट काढला. मी म्हटले, आता आतला काढा. त्यांनी हात घातला, तो मुठीपर्यंत गेला आणि अडकला. पुढेही जाईना आणि मागेही येईना. दोन्ही पंच त्यांना धरून ओढू लागले. आत्ती म्हणाल्या, “वढू नगा, तुटंल. तेल वता. न्हाईतर पावणं, आज हितंच वस्तीला ऱ्हावा, जेवान हाय.” तेल सोडल्यावर हात निघाला. हवालदार म्हणाले, “सयाजीचा हात माझ्यापरास दांडगा हाय.”

तेव्हा दीर मला म्हणाले, “तीन वर्सं उभ्या गाडीला दर म्हैन्याला मिस्त्री कशापायी लागतोय ते आज कळलं. म्हंजे तुझाच हात गेला म्हन की सरळ!” अंगणात शेजारची माणसे होती. मी म्हटले, “व्हय. माझाच गेला.” बाळाबाई मला आत ओढू लागल्या. हवालदार म्हणाले, “हे हितं बोलून भागत न्हाय बाई, ठाण्यात येऊन लिहून द्यायला लागतंय. इचार करून या.” मी तोपर्यंत विचार केलेलाच होता. आत्ती आत जाऊन लुगडे बदलून आल्या आणि म्हणाल्या, “चल. पानी मी घाटलंया, मी बी सांगती.” आम्ही दोघी दुपारच्या गाडीने आलो. आत्तींचा जबाब वेगळा घ्यावा ही विनंती आहे.

सयाजी मोरबाळे यांच्याशी माझे काय नाते आहे असे फौजदारसाहेबांनी विचारले. नाते नाही. ते मराठा आहेत व त्यांचे लग्न झालेले नाही. त्यांनी मला कधी काही विचारलेले नाही. विचारले असते तर काय सांगितले असते, असा प्रश्न करण्यात आला. तो या जबाबात लिहू नये असे माझे म्हणणे होते, पण लिहायचा असेल तर लिहावा. त्याचे उत्तर मी इथे देणार नाही.

या जबाबाचा परिणाम मला समजावून सांगण्यात आला. माझे नाव कोर्टात घेतले जाईल व उलट तपासणी होईल. ते मला समजले आहे. कोणी भीती घालून किंवा आमिष दाखवून मी हे सांगत नाही. सयाजी मोरबाळे यांची या वेळेपर्यंत माझी भेट झालेली नाही. ते आतल्या खोलीत आहेत. मघाशी त्यांच्या खोकल्याचा आवाज आला.

बॅटरी परत कोणाच्या ताब्यात द्यावी असे विचारल्यावरून सांगते, की ती गाडीची आहे आणि गाडी दिरांच्या नावावर झाली आहे, तेव्हा कायदा असेल तसे करावे. फक्त ती अर्धी चार्ज झाली असताना आणली आहे. तशीच पडून राहिली तर कायमची जाईल. मुद्देमालाच्या खोलीत ठेवण्याऐवजी दुकानातल्या दुसऱ्या कामगाराकडे चार्जिंगला लावता आली तर लावावी. ती आडवी ठेवू नये.

जबाब चालू असता दिवस मावळला. साहेबांनी चहा मागवला होता, तो मी घेतला नाही. आत्ती बाहेर बाकावर बसल्या आहेत.

उद्या सकाळी सयाजी मोरबाळे यांना मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर उभे करणार असून हा जबाब कागदपत्रांसोबत जाईल व तो मान्य झाला तर त्यांना सोडून देतील, असे मला सांगण्यात आले. मला कोठे कळवावे असे विचारल्यावरून सांगते, की गडमुडशिंगीच्या पत्त्यावर कळवू नये. दिरांनी निघताना घराचे दार परत उघडणार नाही असे सांगितले आहे. आज आम्ही दोघी आत्तींच्या बहिणीकडे, चिमणाबाई यांच्याकडे, शुक्रवार पेठेत मुक्काम करू. परंतु तिथेही शिपाई पाठवण्याचे कारण नाही. कोर्ट उघडण्याच्या आधीपासून मी बाहेर, ज्या दाराने सुटलेली माणसे येतात, त्या दाराशी बसलेली असेन.

लिहिले ते सर्व मला सावकाश वाचून ऐकवले. मी बोलले तेच उतरले आहे. मला लिहिता-वाचता येते, म्हणून अंगठा न देता सही करते.

रत्नाबाई नेमगोंडा बोरगावे